आप्पांची रेघ : झोपेच्या वहीतल्या नोंदी

14 जानेवारी 2024, रविवार

आजपासून वही सुरू.

आप्पा काल रात्री, म्हणजे आज पहाटे तीनला झोपले आणि दहाला उठले. परवा अडीचला झोपले होते. आईला विचारलं तर म्हणाली, "त्यांचं काही खरं नाही, कधी रात्र कधी दिवस."

आप्पांचं वय 71. एसटीत 31 वर्षं कंडक्टर. काचबिंदूने आधी डावा डोळा गेला, मग उजवा. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी डोळ्याशी टॉर्च धरून विचारलं, उजेड कुठून येतोय? आप्पा म्हणाले, कुठूनच नाही. झोपेचा घोळ त्यानंतरचा. वय झालं की झोप जाते, असं सगळेच सांगतात. एका दवाखान्यात झोपेच्या गोळ्या दिल्या. त्यांनी दिवसभर झापड यायची, दोनदा तोल गेला. डॉक्टरांना विचारूनच त्या बंद केल्या.

मला एकच गोष्ट खटकते. दिवाळीत आप्पा ठणठणीत होते. नरकचतुर्दशीला पहाटे आमच्या आधी उठून बसले होते. वयामुळे गेलेली झोप दिवाळीपुरती परत येते का?

पद्धत: आलेखाचा कागद, एका दिवसाला एक ओळ, ओळीत 48 चौकोन, एक चौकोन अर्ध्या तासाचा. झोप असेल तो चौकोन पेन्सिलीने काळा करायचा. आप्पांकडे बोलणारं घड्याळ आहे, जाग आली की बटण दाबून वेळ ऐकतात. ती वेळ त्यांनी सांगायची, आईने टिपायची, मी शाळेतून आले की रंगवायची.

21 जानेवारी

आठ ओळी झाल्या. कागद भिंतीला लावून लांबून पाहिला.

काळे चौकोन विखुरलेले नाहीत. त्यांचा पट्टा आहे, आणि तो उजवीकडे कलत खाली उतरतो. मोठी झोप रोज साधारण 25 मिनिटांनी पुढे सरकते आहे. आज सहाला झोपले, एकला उठले. मध्ये डुलक्या आहेत, पण पट्टा स्पष्ट दिसतो.

आठवीच्या मुलांना मी एकरेषीय आलेख शिकवते. चढ म्हणजे काय ते फळ्यावर पन्नास वेळा काढलं असेल. घरातल्या माणसाच्या झोपेला चढ असेल हे मनातही आलं नव्हतं.

गणित: दिवसाला 25 मिनिटं, तर 24 तासांची पूर्ण फेरी व्हायला 1440 भागिले 25, म्हणजे 57 ते 58 दिवस. जवळपास दोन महिन्यांतून एकदा त्यांची रात्र आणि आमची रात्र जुळणार. त्यावेळी घरात सगळे म्हणणार, "आता बरे झाले हो." आणि पुढच्या महिन्यात पुन्हा कपाळाला हात.

30 जानेवारी

आईकडे जुनी नोंद निघाली. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या हिशोबाशेजारी ती "जागे" किंवा "झोपले" असं लिहीत आली आहे, गेल्या ऑक्टोबरपासून. मला सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. सगळ्या तारखा कागदावर उतरवल्या. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सलग "झोपले". पुन्हा तसंच नववर्षाच्या आसपास. मधला पूर्ण डिसेंबर "जागे". अंतर आठ आठवड्यांचं. आलेख बरोबर आहे.

आईचं म्हणणं वेगळं. "कृष्णपक्षात बरे असतात, मी बघितलंय." पंचांग काढून ताडून पाहिलं. दोन्ही चांगले काळ खरंच कृष्णपक्षातले! क्षणभर मीही गप्प झाले. मग लक्षात आलं की दोन चांद्रमास म्हणजे 59 दिवस, आणि आप्पांची फेरी 58 च्या आसपास, म्हणून तिथी जुळतात. पण चंद्राचं काम असतं तर दर महिन्याच्या कृष्णपक्षात बरे असते. आज कृष्णपक्षच आहे, आणि आप्पा सकाळी साडेनऊला झोपून दुपारी साडेचारला उठले.

आईला पटलं. पण तिची नोंद नसती तर मला हे कळायला आणखी चार महिने लागले असते, हे इथे लिहून ठेवते.

4 फेब्रुवारी

आठवडाभर मिळेल ते वाचलं. आप्पा एकटे नाहीत. 1977 साली एका अमेरिकन शोधनिबंधात अशाच एका 28 वर्षांच्या अंध माणसाची नोंद आली: नोकरी, कुटुंब, घड्याळ सगळं असूनही त्याचं शरीर 24.9 तासांच्या दिवसावर चाललं होतं. दवाखान्यात कडक वेळापत्रक लावलं तरी ते 24 वर आलं नाही. ज्यांना उजेड अजिबात कळत नाही अशा निम्म्याहून अधिक लोकांना हा त्रास असतो. त्याला नाव आहे, उपचार आहेत. तीन वर्षं आम्हाला कुणी सांगितलं नाही याचा राग येतो.

जे समजलं ते आईला सांगण्यासाठी मांडून पाहते.

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या शिरा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, वीसेक हजार पेशींचा एक पुंजका आहे. तेच शरीराचं मुख्य घड्याळ. ते बाहेरून काही न कळताही चालतं. मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ 1962 च्या उन्हाळ्यात आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने राहिला. 14 सप्टेंबरला त्याला बाहेर यायला सांगितलं, तेव्हा त्याच्या हिशोबाने 20 ऑगस्ट होता. दिवसांची मोजदाद चुकली, पण झोपण्या-उठण्याची लय टिकून होती, फक्त ती 24 तासांहून थोडी लांब होती.

पुढे जर्मनीत आन्डेक्सला आशॉफ आणि वेव्हर यांनी जमिनीखालच्या खोल्यांमध्ये माणसांना आठवडेच्या आठवडे ठेवून हेच मोजलं. सरासरी आली 25 तास. पण त्या माणसांना दिवा लावायची-मालवायची मुभा होती, आणि संध्याकाळचा दिवा घड्याळाला मागे टाकतो. 1999 मध्ये हार्वर्डच्या चमूने मंद उजेडात, 28 तासांचा कृत्रिम दिवस लावून मोजलं तेव्हा खरा आकडा मिळाला: 24 तास 11 मिनिटं. काहींचा थोडा कमी, काहींचा जास्त.

म्हणजे आप्पांचं घड्याळ बिघडलेलं नाही. 24 तास 25 मिनिटं हे निरोगी माणसाचं घड्याळ असू शकतं. माझंही रोज काही मिनिटं मागे पडत असेल. मला सकाळचा उजेड ओढून जागेवर आणतो. आप्पांना ओढणारं कुणी नाही.

11 फेब्रुवारी

उन्हाचा प्रयोग संपवला. 29 जानेवारीपासून रोज सकाळी साडेसातला आप्पांना गच्चीवर तासभर बसवत होतो. ढगाळ दिवशीही उघड्यावर दहा हजार लक्सच्या आसपास उजेड असतो आणि आमच्या दिवाणखान्यात ट्यूबलाइटखाली जेमतेम शंभर-दीडशे, म्हणून मोठी आशा होती. पट्ट्याचा उतार जराही बदलला नाही. आप्पांना ऊन आवडतं, म्हणून गच्ची चालू ठेवतो. उपचार म्हणून ती बाद.

का बाद, ते गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या काकांमुळे कळलं. तेही पूर्ण अंध आहेत. लहानपणी रातांधळेपण, मग हळूहळू सगळंच गेलं. पण झोप? "दहाला आडवा, पाचला उभा. कधी चुकलं नाही." दोघे अंध, मग फरक कसा?

फरक डोळ्याच्या आत आहे. काकांचा आजार पडद्यावरच्या शंकू आणि दंड पेशी मारतो, ज्यांनी आपण पाहतो. 2002 मध्ये डेव्हिड बर्सन यांनी दाखवलं की पडद्याच्या आतल्या थरातल्या काही गुच्छिका पेशींना स्वतःलाच उजेड कळतो. त्यांच्यात मेलानोप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते निळ्या उजेडाला, 480 नॅनोमीटरच्या आसपास, सगळ्यात जास्त प्रतिसाद देतं. या पेशी चित्र पाहण्याचं काम फारसं करत नाहीत, दिवस आहे की रात्र एवढं त्या पुंजक्याला कळवतात. काकांच्या त्या पेशी शाबूत असाव्यात. त्याआधीच, 1995 मध्ये, 11 अंध लोकांच्या डोळ्यांवर प्रखर उजेड टाकला तेव्हा तिघांच्या रक्तातलं मेलाटोनिन (रात्री शरीरात पाझरणारं, उजेडाने थांबणारं संप्रेरक) उतरलं होतं. त्यांना दिसत काहीच नव्हतं, शरीराला मात्र उजेड पोचत होता.

काचबिंदू मारतो तो नेमका गुच्छिका पेशींना. तारच तुटलेली आहे. गच्चीवर सूर्य कितीही असो.

काकांना सांगितलं की तुमचे डोळे अजून काम करत असतील, गॉगल लावून दिवसभर घरात बसू नका. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे अगदीच वाया नाही गेले."

24 फेब्रुवारी

पट्टा फिरून पुन्हा रात्रीजवळ आला. काल आप्पा संध्याकाळी पावणेआठला झोपले, पहाटे तीनला उठले. आता यांना इथेच धरून ठेवता येतं का बघायचं. उजेड नाही, तर बाकीच्या खुणा वापरायच्या.

आशॉफ यांनी अशा खुणांना त्साइटगेबर म्हटलं, म्हणजे वेळ देणारा. आप्पांनी आयुष्यभर हेच काम केलं की! घंटी मारली की गाडी सुटायची.

आजपासून: साडेसहाला गरम पाण्याने अंघोळ, सातला नाश्ता, साडेसातला माझ्याबरोबर स्टँडपर्यंत चालणं, साडेबाराला जेवण, सातला रात्रीचं जेवण, नऊनंतर रेडिओ बंद. चारनंतर चहा नाही. रात्री दोनला आप्पा जागे दिसले की आई मायेने चहा करून द्यायची. तो बंद करायला सर्वांत जड गेलं. पण 2015 च्या एका प्रयोगात झोपण्याच्या तीन तास आधी घेतलेल्या कडक कॉफीइतक्या कॅफीनने शरीराचं घड्याळ 40 मिनिटं मागे गेल्याचं दिसलं. ज्यांचं घड्याळ आधीच मागे पडतंय त्यांना हा चहा परवडणारा नाही. आता दोनला गरम दूध.

3 मार्च

आप्पा म्हणाले, "तुम्ही दोघी त्या कागदावरून रोज बोलता. मला कसा कळणार?"

बरोबर होतं. ज्याची झोप त्यालाच आलेख दिसत नाही. दुपारी पुठ्ठा घेतला, आईच्या टिकल्यांची पाकिटं घेतली. दर दिवसाच्या ओळीत झोप लागली तिथे एक टिकली, जाग आली तिथे दुसरी. डाव्या कडेला दर आठवड्याला सुतळीची एक गाठ. 50 ओळी झाल्या.

आप्पांनी वरून बोट फिरवायला सुरुवात केली. पहिल्या दहा ओळींत काही बोलले नाहीत. मग बोट उजवीकडे सरकत गेलं, काठावर पोचलं, तेव्हा मी त्यांचा हात पुन्हा डावीकडे आणून ठेवला. शेवटापर्यंत गेले. परत वर आले, पुन्हा खाली.

"ही मुक्कामी गाडी आहे," म्हणाले. "रोज पंचवीस मिनिटं लेट सुटते. ड्रायव्हर चांगला आहे, गाडी चांगली आहे. कंट्रोलरच नाही स्टँडवर."

तेव्हापासून वेळा ते स्वतःच सांगतात, विचारावं लागत नाही.

20 मार्च

खुणांच्या प्रयोगाचा निकाल. 24 फेब्रुवारीला झोप लागायची वेळ रात्री आठच्या सुमारास होती, आज ती दोन वाजून वीस मिनिटं. 25 दिवसांत सव्वासहा तास, म्हणजे दिवसाला 15 मिनिटं. उतार कमी झाला, थांबला नाही. आणि गेले चार दिवस सरकण्याचा वेग पुन्हा वाढतोय. ओढ आहे, पण दोरी पुरत नाही.

मदुराईच्या चंद्रशेखरन यांच्या गटाचं एक काम यावरून आठवलं. गुहेच्या खोल अंधारात पिंजऱ्यात ठेवलेली वटवाघळं, आसपास मोकळी वटवाघळं ये-जा करत असतील तर 24 तासांची लय धरून राहतात. संगत नसलेल्या गुहेत ती आपल्या लयीने घसरायला लागतात. वटवाघळाला संगत पुरते. आमच्या घरात संगत काही कमी नाही, पण माणसाचं मुख्य घड्याळ उजेडाचंच जास्त ऐकतं.

एक गोष्ट मात्र नोंदवण्यासारखी. आप्पांना मधुमेह आहे. जेवणाच्या वेळा बांधल्यापासून साखरेचे आकडे कमी उड्या मारतात. 2017 मध्ये इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात लोकांना सगळी जेवणं पाच तास उशिरा दिली. त्यांच्या साखरेची लय जवळपास तेवढीच मागे गेली, मेलाटोनिनची मात्र जागची हलली नाही. म्हणजे जेवण यकृत वगैरे अवयवांच्या घड्याळांना वेळ देतं, मेंदूतल्या मुख्य घड्याळाला फारसं नाही. वेळापत्रक सोडायचं नाही, एवढं ठरलं.

9 एप्रिल, गुढीपाडवा

आप्पा पावणेबाराला झोपले. पुरणपोळीचं ताट झाकून ठेवलं. उठवायचं नाही असं ठरलं होतं, आईने दोनदा दारापर्यंत जाऊन परत येऊन ते पाळलं. सूर्य मावळताना मी गुढी उतरवत होते तेव्हा काठीचा आवाज ऐकून त्यांना जाग आली. साडेसातला जेवले. आम्ही दोघी पुन्हा त्यांच्याबरोबर बसलो.

18 एप्रिल

पुण्याला झोपेच्या तज्ज्ञांकडे. टिकल्यांचा पुठ्ठा आप्पांनी स्वतः मांडीवर धरून नेला. डॉक्टरांनी आमचं बोलणं थांबवून आधी तोच दहा मिनिटं पाहिला. असा आलेख घेऊन कुणी येत नाही म्हणाल्या, आणि निदान तिथेच झालं.

उपाय मेलाटोनिन. रात्री मेंदूतल्या एका लहान ग्रंथीतून ते पाझरतं, उजेड ते थांबवतो. बाहेरून रोज ठरलेल्या वेळी दिलं तर घड्याळाला तीच संध्याकाळ वाटते. मी म्हटलं, मग आजच सुरू करू. डॉक्टर म्हणाल्या, आज नाही. आप्पांची शरीराची रात्र सध्या दुपारी चारला सुरू होते. चुकीच्या टप्प्यावर दिलं तर घड्याळ उलट दिशेला ढकललं जाऊ शकतं. पट्टा फिरून रात्री दहाच्या आसपास येऊ द्या, मग सुरू करा, आणि वेळ चुकवू नका.

झोपेच्या गोळीत आणि यात हाच फरक आहे. ही गोळी झोप आणण्यासाठी घ्यायचीच नाही, वेळ सांगण्यासाठी घ्यायची. मात्रा मुद्दाम लिहीत नाही, ती ज्याची त्याने डॉक्टरांकडून घ्यावी.

27 एप्रिल

माझा अंदाज चुकला. जुन्या उताराने पुढची जुळणी 26-27 एप्रिलला यायला हवी होती. दादाला मस्कतहून त्याच हिशोबाने 24 ची सुट्टी घ्यायला सांगितलं होतं. तो आला त्या दिवशी आप्पा पावणेसातलाच झोपले, काल साडेसातला. मार्चमध्ये खुणांनी जो वेग कमी केला तो मी हिशोबात धरला नव्हता. नवीन अंदाज 1 ते 2 मे.

दादा रात्री दोनला उठून आप्पांजवळ बसतो. म्हणतो, गप्पांना हीच वेळ बरी.

1 मे

झोप 21:55. पहिली गोळी रात्री नऊला. आप्पांनी घड्याळाचं बटण दाबून वेळ ऐकली, मग घेतली.

19 मे

झोप लागायच्या वेळा, गेले सात दिवस: 22:10, 22:20, 22:05, 22:30, 22:15, 22:10, 22:20.

टिकल्या एकाखाली एक. आप्पा रोज सकाळी बोट फिरवतात.

12 जून

8 ते 11 जून गोळी नाही. दुकानात शिल्लक नव्हती, पाऊस, आणि मी पाकीट संपायच्या आधी बघितलं नाही. 22:20 वरून 23:50. चार दिवसांत दीड तास. म्हणजे घड्याळ अजून त्याच उताराचं आहे. आतून काही बदललेलं नाही, फक्त रोज कुणीतरी धरून ठेवतंय. आज पाकीट आलं. यापुढे घरात दोन महिन्यांचा साठा ठेवायचा.

28 जून

उपचाराचे 58 दिवस. जुन्या उताराने या मुदतीत एक पूर्ण फेरी झाली असती. झाली नाही. त्या चार दिवसांमुळे पडलेला बाक सोडला तर रेघ सरळ आहे, बाकातून परत यायला नऊ दिवस लागले. वेळापत्रक, चालणं, चहाचा नियम चालूच. आईच्या दिनदर्शिकेत आता फक्त दुधाचा हिशोब आहे.

17 जुलै, आषाढी एकादशी

जाग 4:50. पंढरपूरच्या जादा गाड्या रात्रभर स्टँडवरून सुटत होत्या. मी उठले तेव्हा आप्पा पडवीत बसून मोजत होते. "पाचपर्यंत सहा गेल्या."

पुठ्ठ्यावरची जागा संपली. दुसरा पुठ्ठा कापला. काकांनी त्यांच्या ओळखीच्या एका घराचा निरोप आणलाय, तिथल्या आजींचे दोन्ही डोळे काचबिंदूने गेलेत आणि सून म्हणते की आजींना रात्री भूत दिसल्यासारखी जाग येते. रविवारी जाणार आहे. आलेखाचे कागद, टिकल्यांची चार पाकिटं आणि सुतळी पिशवीत भरली. आप्पांना जुना पुठ्ठा घेऊन बरोबर यायचंय.